मामाची मांडी

तनुजाच्या गाडीत पुरुषमाणसं जरा अंग चोरूनच उभी राहतात. संभाजीनगरहून कन्नडला जाणाऱ्या एसटीवर ती कंडक्टर आहे आणि शाळा सुटायच्या वेळची फेरी बहुतेक तिचीच असते. मागच्या हिवाळ्यात खुलताबादला एक सभ्य दिसणारा गृहस्थ चढला. पांढरे कपडे, कपाळाला गंध, आणि गाडीत पाय पसरायला जागा असताना हा मात्र शेजारच्या आठवीतल्या पोरीच्या अंगावर रेलून उभा. तनुजाने बेल मारून गाडी भर घाटात थांबवली आणि त्याला खाली उतरवलं. तक्रार करीन, नोकरी घालवीन, असं बरंच काही तो खालून ओरडत होता. तिने आपला बिल्ल्याचा नंबर त्याला खणखणीत आवाजात सांगितला, वर म्हणाली, नीट लिहून घ्या, चुकेल. आणि डबल बेल दिली.

अशी ही बाई. आणि हीच बाई लहानपणापासून दर राखीपौर्णिमेला ज्याला ओवाळत आली, त्या माणसाचं नाव निघालं की हिच्या तोंडाला कोरड पडते. हे कसं झालं ते सांगितलंच पाहिजे. सांगताना आवाज चढला तर चढू द्यावा, कारण ज्यांनी तो वेळेवर चढवायचा होता ते सगळे मूग गिळून बसले होते.

तनुजा देवगाव रंगारीची. ती बालवाडीत असतानाच वडील गेले. आई चतुराबाई पोरीला घेऊन थोरल्या दिराच्या, आप्पासाहेबांच्या घरात राहिली. घर खाऊनपिऊन सुखी, गावात मान. तिकडे दिवाळीनंतर कापूस वेचून आला की भाव येईपर्यंत तो घरातल्याच एका खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवतात. त्या ढिगावर उड्या मारायला कुठल्या पोराला आवडत नाही? तनुजालाही आवडायचं. ती तेव्हा चौथीत होती. आप्पासाहेबांचा मुलगा सुदर्शन कॉलेजात जात होता, मिसरूड फुटलेला चांगला बाप्या. तो कापसाच्या खोलीत यायचा आणि आतून कडी लावून घ्यायचा. कडीमागे काय झालं ते इथे लिहायचं नाही. ते तनुजाचं आहे. कुणाला, केव्हा आणि किती सांगायचं ते तिचं तिने ठरवावं. तो गुन्हा होता आणि तो एकदाच घडला नाही, इतकं वाचणाऱ्याला पुरे.

तिने आईला सांगितलं होतं. चौथीतल्या पोरीजवळ असल्या गोष्टीला शब्द नसतात, तरी चुलीपाशी आईच्या पाठीला चिकटून तिने आपल्या परीने सांगितलं. चतुराबाईला सगळं समजलं. न समजायला ती काही दूधखुळी नव्हती. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग म्हणाली की हे कुणापाशी बोलायचं नाही. दिराच्या घरातून बाहेर पडली असती तर पोरीला घेऊन जायला तिला माहेर उरलं नव्हतं, हेही खरं. पण ते पोरीला कोणी समजावून सांगितलं नाही. पोरीला एवढंच कळलं की आपण काहीतरी वंगाळ बोललो.

मग चतुराबाईने तोडगा काढला. पुढच्या श्रावणात तिने पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, सुदर्शनला त्यावर बसवलं आणि तनुजाच्या हातात राखी दिली. तुला सख्खा भाऊ नाही, आजपासून हा तुझा भाऊ. राखी बांधली की तो भावासारखा वागेल, असा त्या माउलीचा हिशेब. आतून कडी लावताना ज्याचा हात थरथरला नाही, त्याला तो रेशमाचा दोरा काय धरून ठेवणार होता? तो हसतहसत बसला, ओवाळून घेतलं, ताटात नोट टाकली. घरातल्या बायांनी बहीणभावाचं कौतुक केलं. दिवाळी झाली, कापूस घरात आला आणि कडी पुन्हा लागली. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला म्हणून ते थांबलं. थांबवलं कुणीच नाही.

राखी मात्र थांबली नाही. एकदा भाऊ केल्यावर भाऊबीज आलीच. तनुजाच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, तोही सुदर्शनच. अतुलचा कान पिळून त्याने सगळ्यांना हसवलं आणि मानाचा पोशाख घेतला. आता तो गावी परतलाय, दोन पैसे बाळगून आहे, कुठल्याशा शाळेच्या समितीवर आहे आणि पंधरा ऑगस्टला मुलींना बक्षिसं वाटतो. हो, मुलींना. आणि लोक म्हणतात, सुदर्शनभाऊ लई मनमिळाऊ.

तनुजाने हे सगळं मनाच्या कुठल्या तरी तळाशी दडपलं होतं. नोकरी लागली, लग्न झालं, कांचनवाडीत दोन खोल्या घेतल्या, अतुल चितेगावच्या कंपनीत जाऊ लागला, श्रेया झाली. बाळंतपणाची रजा संपवून ती गाडीवर परतली ते नेमकं कापसाच्या दिवसांत. कापूस भरलेला टेम्पो पुढे असला आणि त्याचा तो कोमट, धुळकट वास खिडकीतून आत आला की तिचा श्वास अडकायचा. हातातलं तिकिटाचं मशीन गळून पडायचं. डॉक्टरने दमा म्हटलं, फवारा दिला. फवाऱ्याने काडीचा फरक पडला नाही.

खरं दुखणं ओळखलं ते रत्नमालाने. रत्नमाला त्याच आगारातली कंडक्टर, तनुजापेक्षा चारदोन वर्षांनी मोठी आणि जिभेने सडेतोड. देवगावची ड्युटी आली की तनुजा नेहमी तिच्याशी बदलून घ्यायची. माहेरच्या गावाला जायला बाया एका पायावर तयार असतात आणि ही टाळते, हे तिने कधीच हेरून ठेवलं होतं. एके दिवशी विश्रांतीकक्षात तिने दार लोटलं आणि सरळ विचारलं, तिकडं तुला कुणी त्रास दिलेला हाय का. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तनुजाला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. तिने नुसती होकाराची मान हलवली. रत्नमालाने पुढे काही उकरलं नाही. पुढच्या सुटीला तिला हाताला धरून सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली.

त्या बाईंनी तिला काय दिलं? एक तर दमा नाही हे सांगितलं. जे अंगावर ओढवलं ते डोक्याने पुरलं तरी अंग विसरत नाही, एखाद्या वासानेही ते तसंच्या तसं उठतं. यात वेड नाही आणि तुमची चूक तर मुळीच नाही, असं सांगितलं. हे शेवटचं वाक्य तनुजाने त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. श्वास अडकला की पाय जमिनीला घट्ट टेकवायचे आणि डोळ्यांसमोर काय आहे ते मोठ्याने म्हणायचं, असंही त्यांनी शिकवलं. तनुजाने त्यात आपली सोय पाहिली. ती थांब्यांची नावं घ्यायची: नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद. प्रवाशांना वाटायचं, बाई लई इमानदारीनं थांबे पुकारती. हळूहळू टेम्पो पुढे असतानाही ती तिकिटं फाडू लागली. झोप लागू लागली. पोलिसांकडे जायचं का, तेही बाईंनी विचारलं. तनुजा म्हणाली, थोडी उभी राहू द्या मला, मग बघते.

आणि ती कशीबशी उभी राहतेय तोच जावळ आलं.

अतुलचं गाव लासूर स्टेशनच्या जवळ. त्याची आई, कडूबाई, तिथेच शेतावर राहते. नातीचं जावळ काढायचं तिने ठरवलं, दिवस धरला, निरोप धाडले. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. मामा नवे कपडे आणतो, बाळाला मांडीवर घट्ट धरतो आणि न्हावी वस्तरा चालवतो. आता श्रेयाचा मामा कोण? जगाच्या लेखी एकच. चतुराबाईने तनुजाला न विचारताच सुदर्शनला सांगून टाकलं होतं, आणि त्याने शहरातून भाचीसाठी फ्रॉक आणि चांदीचे वाळे घेऊनही ठेवले होते.

तनुजाला हे फोनवर कळलं तेव्हा ती स्थानकावर उभी होती. तिला नगर नाक्याच्या पुढचा एकही थांबा आठवेना. रात्री तिने अतुलला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. अतुल वाईट माणूस नाही. ऐकताना त्याचे डोळे भरले, तो तिचा हात धरून बसला. आणि मग काय म्हणावं त्याने? म्हणाला, निरोप गेलेत, माणसं येणार, आईला काय सांगू. दोन मिनिटं बसव, वस्तरा लागला की लगेच उचलून घे. दोन मिनिटं! बायकोवर जीव असलेला, शिकलेला नवरा हे बोलतो, तर बाकीच्यांबद्दल काय बोलावं. तनुजाने हात सोडवून घेतला.

आईला तिने फोन केला. तो नको, असं स्वच्छ सांगितलं. चतुराबाईने आवाज खाली आणला. कपडे घेतलेत त्याने, आप्पासाहेबांना काय वाटेल, जुनं उकरून कुणाचं भलं होतंय, दवाखान्यात जायला लागल्यापासून तू फार मनाला लावून घेतेस. तनुजाने फोन ठेवला. त्यानंतर चतुराबाईने, आपल्या मते फार शहाणपणाने, सुदर्शनलाही सांगून ठेवलं की पोरगी काही बोललीच तर मनावर घेऊ नको, तिचा डोक्याचा दवाखाना चालू आहे. असा शहाणपणा शत्रूसुद्धा सुचवणार नाही.

जावळाच्या दिवशी कडूबाईच्या शेतात लिंबाखाली मांडव होता. एका बाजूला वरणबट्टी आणि वांग्याची भाजी रटरटत होती. पाट मांडलेला, सांडू न्हावी पाण्याची वाटी घेऊन बसलेला. आप्पासाहेब आणि देवगावच्या मंडळींबरोबर सुदर्शन कडक इस्त्रीत आला, सगळ्यांशी हसला, पाटावर बसला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, आणा माझ्या भाचीला.

तनुजा श्रेयाला कडेवर घेऊन समोर उभी होती. तिने दोन्ही पाय जमिनीला टेकवले.

"माझी पोरगी ह्याच्या मांडीवर बसणार नाय," ती म्हणाली. गाडीत मागच्या बाकापर्यंत जातो तोच आवाज. "मी चौथीत असताना ह्यानं माझ्यावर जबरदस्ती केली. लई येळा. ज्याला खोटं वाटतं त्यानं माझ्याकडं बघून म्हणावं."

मांडवात सगळे खाली बघू लागले. त्यातले किती जण माणसं होती आणि किती नुसती पागोटी, देव जाणे. सुदर्शन मात्र डगमगला नाही. त्याने चेहरा असा केला की बघणाऱ्याला त्याचीच कीव यावी. बाळंतपणानंतर तिचं डोकं ठिकाणावर नाही, तो हळुवारपणे म्हणाला, मानसिकचा दवाखाना चालू आहे. विचारा काकूला, काकूनेच सांगितलं मला. आणि सगळ्यांनी चतुराबाईकडे पाहिलं. आप्पासाहेबांनीही विचारलं, खरं का हे. चतुराबाई डोक्यावरचा पदर ओढून उभी होती. दवाखाना चालू आहे हे खरंच होतं. ती काहीच बोलली नाही. तिच्या त्या गप्प राहण्याचा मांडवाने होकार केला आणि कुजबुज सुरू झाली की आजकाल बायांना बाळंतपणानंतर असं होतं म्हणे.

तनुजाने आईकडे पाहिलं, तसं पाहायची वेळ कुणावर न येवो. पण तनुजा जागची हलली नाही. तेवढ्यात कडूबाई पुढे आली. आईबापाची आधीची दोन लेकरं गेली, ही तरी जगावी म्हणून तिचं नाव कडू ठेवलेलं, आणि बोलण्यातही ती फार गोड नव्हती. तिला झालेलं किती समजलं, किती नाही, सांगता येत नाही. ती म्हणाली की नात माझी आहे आणि सुनेला नको तर नको, पाट मोकळा करा. सुदर्शन उठला, पण हसूनच. तनुजा पाटावर बसली, श्रेयाला तिने स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि सांडूला म्हणाली, चालवा. अतुल उशिरा का होईना, येऊन तिच्या पाठीशी उभा राहिला. श्रेया रडली, जावळ निघालं.

आता वाटेल की त्या माणसाने तोंड काळं करून निघून जावं. छे. पहिली पंगत बसली आणि हा पठ्ठ्या मानाच्या जागी, बापाच्या शेजारी, पत्रावळ पुढे ओढून बसला. वाढपी बट्ट्या, भाजी वाढत होते, कुणी त्याला लिंबाची फोडही आणून दिली. शेजारच्याला तो सांगत होता की बिचारीच्या नवऱ्याचे हाल आहेत, आपणच समजून घ्यायला पाहिजे. चतुराबाई मागेच उभी होती. तिच्या तोंडचं वाक्य तिच्या डोळ्यांदेखत तिच्या लेकीच्या गळ्याभोवती आवळलं जात होतं.

तिने एका वाढप्याच्या हातातली वरणाची बादली घेतली. लेकीच्या सासरी आईने वाढायची रीत नाही, म्हणून बायांनी वळून पाहिलं. ती वाढत वाढत ओळीने आली आणि सुदर्शनपुढे थांबली. त्याने बट्टी कुस्करून मधे आळं करून ठेवलं होतं.

"ऊठ," चतुराबाई म्हणाली.

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. वाढा की काकू, म्हणाला.

"नाय वाढत. ऊठ. माझी लेक खरं बोलती. तिनं तव्हाच मला सांगितलं व्हतं, आन मीच तिचं तोंड दाबलं. तुला भाऊ बी मीच केला. ऊठ म्हणते ना."

आप्पासाहेबांपुढे ती बाई आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नव्हती. म्हातारा म्हणाला, भरल्या ताटावरून माणसाला उठवतीस, कुठं फेडशील हे पाप. आणि गंमत बघा, एवढा वेळ ज्या मांडवाला कंठ नव्हता त्याला आता फुटला. अन्नाचा अपमान झाला, पाहुण्याला ताटावरून उठवलं, काळवेळ काही आहे की नाही! पोरीच्या बालपणाचा घास घेतला गेला तेव्हा आणि आज सकाळी ते ऐकलं तेव्हा यातल्या एकालाही पाप दिसलं नव्हतं. बट्टी वाया गेली तेव्हा दिसलं.

चतुराबाईने बादली खाली ठेवली आणि पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला. "व्हय, उठवते," ती दिराला म्हणाली. "ह्याच्या पंगतीला मी लई वर्सं वाढलं."

सुदर्शनने इकडेतिकडे पाहिलं. या वेळी त्याला हसू जमलं नाही. त्याच्या शेजारचा माणूस, थोर काही न करता, फक्त आपली पत्रावळ घेऊन दोन हात लांब सरकला. मग पलीकडचाही सरकला. सुदर्शन उठला, चपला शोधायला त्याला वेळ लागला, आणि त्या वेळात कुणीही त्याला बस म्हणालं नाही. त्याच्यामागे आप्पासाहेब आणि देवगावची निम्मी मंडळी गाडीत बसून गेली.

तनुजा विहिरीच्या कठड्यापाशी श्रेयाच्या डोक्याला हळद लावत होती. तिने सगळं ऐकलं होतं. आई जवळ आली, उभी राहिली, श्रेयाला घ्यायला हात पुढे केले. तनुजाने श्रेयाला दिलं नाही.

"लई उशीर केला आई."

"व्हय," चतुराबाई म्हणाली. नाइलाज होता, आसरा नव्हता, मी बाईमाणूस काय करणार, यातलं एक अक्षर तिने काढलं नाही. काढलं असतं तर तनुजा तिथून उठून गेली असती. मग तनुजा रडायला लागली, मोठमोठ्याने, लहान पोरं रडतात तशी, आणि चतुराबाई तिला हात न लावता समोर बसून राहिली. लावायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला कळत नव्हतं.

दुपार कलली तशी अतुलने शहराकडे निघायला गाडी बोलावली. चतुराबाईचं आता देवगावला दार बंद झालं होतं, हे सगळ्यांना कळत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. तीच बोलली. म्हणाली, मला न्यायचं का नाय ते तू ठरव, मी कडूबाईच्या गोठ्यात बी राहीन.

तनुजाने गाडीचं मागचं दार उघडलं.

"चल," ती म्हणाली. "पण मी तुला माफ केलं असं समजू नको."

"नाय समजत," चतुराबाई म्हणाली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.